हनुवटीला लागणारी बंदूक

टायटस रोज दुपारी आमच्याकडे जेवायला येतो आणि बसल्या बसल्या ताटातल्या कुठल्या तरी जिनसेला नाव ठेवतो. बटाटे फार शिजलेत. बीटाच्या रसातली अंडी अजून मुरायला हवी होती. मग सगळं खातो, पावाच्या तुकड्याने थाळी पुसून लख्ख करतो आणि खुर्ची मागे सारत म्हणतो, "खाण्यासारखं होतं." याच्यावरची स्तुती त्याच्या तोंडून आमच्या खोऱ्यात कुणी ऐकलेली नाही. चर्चमध्ये नाताळची गाणी बसवणाऱ्या बाईंनाही तो एकदा "ऐकण्यासारखं होतं" एवढंच म्हणाला होता, आणि त्या बाई ते वाक्य आजतागायत सांगत फिरतात.

हा माझ्या नवऱ्याचा, विल्मरचा, थोरला भाऊ. पंचाहत्तरी कधीच ओलांडली. लग्न केलं नाही. तरुणपणी ऑर्फा नावाच्या मुलीशी जमलं होतं, पण तिने शेवटी एका गोठेवाल्याशी संसार मांडला. का फिसकटलं असं विचारलं की टायटस म्हणतो, "तिला थांबता येईना, मला घाई करता येईना." हे खरंच आहे. जन्मभर त्याने पेंडीच्या गिरणीत पोती उचलली, त्यात पाठ गेली. आणि संध्याकाळी घरामागच्या खोपटात बसून ठासणीच्या बंदुका घडवल्या, त्यात डोळे गेले. एका बंदुकीला दोन-दोन हिवाळे. कुणी म्हणालं की लवकर दे, तर तो म्हणायचा, "लवकर हवी असेल तर दुकानात मिळते."

पेन्सिल्व्हेनियाच्या आमच्या या डोंगररांगांत नाताळ दोन दिवसांचा असतो. पहिला दिवस देवाचा. दुसऱ्या दिवसाला आम्ही दुसरा नाताळ म्हणतो, आणि त्या दिवशी हरणांचा शेवटचा हंगाम उघडतो. त्या हंगामात फक्त चकमकीची बंदूक चालते, पणजोबांच्या काळची. आमच्या चर्चमधली मंडळी त्या दिवशी डोंगरावर जातात. झायडर्सांचे दोघे भाऊ, लाउव्हरांचा नेव्हिन, आणखी दोघं-तिघं. गुडघे सगळ्यांचेच कुरकुरतात, पण जातात.

त्यांच्या बंदुका बहुतेक टायटसच्या नाहीतर त्याच्या बापाच्या हातच्या. बापाला सगळे पॉप म्हणायचे, मीही. पॉपचा एक नियम होता, आणि टायटस तो बायबलच्या खालोखाल मानतो: बंदूक मालकाच्या हनुवटीला लागली पाहिजे. कारण साधं आहे. या बंदुकीत सगळं तोंडाकडून जातं. दारू ओतायची, चरबी लावलेली चिंधी ठेवायची, तिच्यावर गोळी, आणि मग लाकडी गजाने तळापर्यंत ठासायचं. माणूस दस्ता पायाशी टेकवून उभा राहतो. नळीचं तोंड हनुवटीपाशी आलं तर त्याला आत काय चाललंय ते दिसतं. जास्त लांब झाली तर चवड्यांवर उभं राहावं लागतं, आखूड झाली तर कंबर मोडते. म्हणून पॉप आधी माणूस मापायचे, मग लोखंड. नेव्हिन त्याच्या बापाहून बुटका निघाला. बापाची बंदूक त्याच्याकडे आली तेव्हा कित्येक हिवाळे तो डोंगरावर हरणांच्या आधी उभं राहायला दगड शोधत हिंडायचा. टायटस त्याला विचारायचा, "काय नेव्हिन, आज दगडाची शिकार का?"

पॉपचा दुसरा नियम त्याहून कडक. ज्याने भरली, त्यानेच उडवायची. दुसऱ्याने भरलेली बंदूक खांद्याला लावायची नाही. नळीत काय आहे ते बाहेरून कुणालाच दिसत नाही. पॉपच्या चुलतभावाची बंदूक कुणीतरी प्रेमाने भरून ठेवली होती. त्याला ते माहीत नव्हतं, त्याने वर आणखी एकदा भरली. बेडूक गिळलेल्या सापासारखी नळी फुगली आणि त्याचा एक कान कायमचा गेला. तेव्हापासून आमच्या माणसांत ज्याला स्वतःची बंदूक भरता येत नाही, तो डोंगरावर येत नाही. कुणी तसं तोंडाने म्हणत नाही. तो आपला आपणच घरी राहतो.

गेल्या वसंतात विल्मरच्या डाव्या अंगावरून वारं गेलं.

देवाच्या दयेने बोलणं राहिलं, थोडं जड, पण राहिलं. उजवा हात शाबूत राहिला. डावा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहतो, आणि काठी घेऊन तो खाटेपासून टेबलापर्यंत येतो. तेव्हापासून माझे दिवस मोज्यांनी सुरू होतात आणि गुंड्यांनी संपतात. तक्रार नाही. कधीकधी प्रार्थनेला बसते आणि 'आमेन'च्या आधीच डोळा लागतो. देवाला ते समजत असणार.

उन्हाळा सरता सरता टायटस एक दिवस जेवताना म्हणाला, "विल्मर, पॉपनी केलेली तुझी बंदूक आता तुला जड होणार. मी तुला हलकी करून देतो. नाताळपर्यंत होईल."

"चार महिन्यांत? तू?" विल्मर म्हणाला.

"हो."

"कुठल्या नाताळपर्यंत ते आधी सांग."

टायटस नेहमीसारखी थाळी पुसत राहिला. पण दुसऱ्या दिवशी तो दुपारी जेवला आणि न रेंगाळता उठला. मी त्याला जन्मात घाईने उठताना पाहिलं नव्हतं.

माप घ्यायला आम्ही त्याच्या खोपटात गेलो. मी विल्मरला कामाच्या ओट्याशी उभा केला. त्याने उजव्या हाताने ओटा धरला. टायटसने जुनी बंदूक त्याच्या शेजारी उभी केली आणि मागे सरून एक डोळा मिटून बघितलं.

"सरळ उभा राहा."

"सरळच आहे. माझं सरळ आता असंच."

"हनुवटी वर."

"लग्नातसुद्धा मला इतकं कुणी सजवलं नव्हतं," विल्मर म्हणाला. त्याच्या गुडघ्याचं थरथरणं मला पँटवरून दिसत होतं.

मी म्हटलं, "टायटस, एकदा बसवून माप घे की."

चर्चचा ऑर्गन गोठ्यात नेऊन ठेव म्हटल्यासारखं त्याने माझ्याकडे बघितलं. "वर्ना, शिंपी माणसाला झोपवून माप घेतो का?"

"झोपवून घेतो तो सुतार," विल्मर म्हणाला. "शवपेटीवाला."

आम्ही तिघंही हसलो, आणि त्या हसण्यात माझं म्हणणं वाहून गेलं.

नळीच्या लांबीवर टायटसने पुढे पुष्कळ दिवस काढले. जेवताना काट्याने टेबलावर रेघा मारायचा. लांब नळी डोळ्यांना चांगली, कारण नेमाची माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक उंचवटा, नळीच्या टोकाला असते. म्हाताऱ्या माणसाला जवळचं धूसर दिसतं, लांबचं स्वच्छ. माशी जितकी लांब तितकी ती नीट दिसणार. शिवाय लांब नळी हातात डुगडुगत नाही, दारू आत पूर्ण जळते, आवाज कानापासून दूर राहतो. पण हाताला आखूड बरी. डावा हात जिथे नळी पेलतो तिथे पुढचं वजन जाणवतं, आणि विल्मरचा डावा हात पेलणार काय, कप्पाळ. डोळे म्हणत होते लांब, हात म्हणत होते आखूड. शेवटी टायटसने मधल्या भागात बारीक होत जाणारी आणि तोंडाशी पुन्हा किंचित फुलणारी हलकी नळी निवडली, बेचाळीस इंची. पॉपच्या मापाने विल्मरला चव्वेचाळीस बसते. दोन इंच सोडले म्हणजे आपण फार मोठी माघार घेतली असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मेपलच्या लाकडाचा दस्ता केला. त्या लाकडात आडव्या लाटा असतात. तेजाब लावून तापवलं की त्या वर येतात, नांगरटीनंतरच्या शेतासारख्या. सुंदर बंदूक झाली. मी तसं म्हटल्यावर तो म्हणाला, "बघण्यासारखी आहे." म्हणजे त्यालाही ती आवडली होती.

नोव्हेंबरअखेर एका सकाळी आम्ही ती घेऊन गोठ्यामागच्या कुरणात गेलो. नेव्हिनही आला. त्याला बोलावलेलं नव्हतं, पण दारूचा वास येणार म्हटल्यावर तो येतोच. विल्मर कुंपणाला पाठ टेकून उभा राहिला. बंदूक पायाशी उभी केली. तोंड अगदी हनुवटीखाली आलं, पॉप असते तर मान डोलावली असती. त्याने दातांनी दारूच्या शिंगाचं झाकण काढलं आणि मापात दारू घेतली.

आता मापातली दारू नळीत ओतायची तर नळी धरायला दुसरा हात हवा. डावा हात त्याने उचलून नळीवर ठेवला. तो घसरला. पुन्हा ठेवला. उतारावर बंदूक कलली, ती सांभाळायला त्याने उजवा हात पुढे केला, आणि दारू सगळी बुटांवर. टायटसने झेप घालून बंदूक धरली.

"परत," विल्मर म्हणाला.

परत तेच झालं. या वेळी गुडघाही गेला. तो पडला नाही. कुंपणाच्या खांबाला धरून हळूहळू खाली आला आणि ओल्या गवतात बसला, जसं काही त्याला बसायचंच होतं.

नेव्हिन बिचारा भल्या मनाचा. म्हणाला, "दे इकडे, मी भरून देतो. आपणच तर आहोत. नियम आपलाच आहे ना?"

"नियम पॉपचा आहे," टायटस म्हणाला.

"पॉप बघत नाहीयेत."

"नेव्हिन, तू गप बस."

विल्मरने दोघांकडेही बघितलं नाही. "वर्ना, घरी चल," तो म्हणाला. "पाय भिजलेत."

त्या दिवशी टायटस जेवायला आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. विल्मर खिडकीशी बसून डोंगराकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत होता. तेच पान सकाळी आणि तेच संध्याकाळी. मी त्याला म्हटलं, "टायटसला बोलावू का?" तर म्हणाला, "कशाला? त्याने बंदूक केली. चांगली केली. नेव्हिनच्या पुतण्याला देऊन टाक म्हणावं, तो उंच आहे." आणि थोड्या वेळाने, "दुसऱ्या नाताळला मी घरीच बरा. तुझ्या बहिणीला बोलाव जेवायला." चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात माझ्या बहिणीला बोलाव असं तो कधी म्हणाला नव्हता. तेव्हा मला कळलं की हा आता उठणार नाही. काठी घेऊन टेबलापर्यंत येईल, पण उठणार नाही.

मी कोंबडीचं पॉटपाय, म्हणजे पिठाच्या चकत्यांचा रस्सा, डब्यात भरलं, अंगात कोट चढवला आणि टायटसकडे गेले. तो खोपटात होता. शेगडी विझलेली. नवी बंदूक ओट्यावर आडवी आणि हा समोर स्टुलावर, आजाऱ्याच्या उशाशी बसतात तसा.

"जेव," मी म्हटलं.

"भूक नाही."

"मीठ जास्त झालंय. नाव ठेवायला तरी खा."

त्याने डबा घेतला, उघडला नाही. मांडीवर ठेवून म्हणाला, "मला माहीत होतं, वर्ना."

"काय?"

"तो उभा राहू शकत नाही ते. मी काय आंधळा आहे? थोडा आहे. पण एवढा नाही." त्याने नळीवरून अंगठा फिरवला. "उभ्याचं माप घेतलं तर उभा राहील असं वाटलं मला."

मला चिडायला हवं होतं. चिडायलाही अंगात काही लागतं. मी दुसऱ्या स्टुलावर बसले आणि म्हटलं, "मी रोज सकाळी त्याला उभा करते. दात घासून होईपर्यंत तो उभा राहतो. चूळ भरायला खुर्ची लागते. डोंगरावर दारू, चिंधी, गोळी, गज एवढं व्हायला किती वेळ लागतो ते तू सांग."

त्याने डबा ओट्यावर सरकवला.

"त्याला बसून भरू दे."

"बसून भरायची तर नळी कुठवर कापावी लागेल माहीत आहे? ती बंदूक राहायची नाही, दांडकं होईल." आता तो सुरू झाला. तोंडाशी फुललेला भाग जाणार. पुढचा दस्ताही कापावा लागणार, गज अडकवायच्या नळ्या सरकवाव्या लागणार. माशी इतकी जवळ येणार की त्याला तिच्या जागी केसाळ ठिपका दिसणार. "आणि एकदा कापली की कापली. नळीला कोंब फुटत नाही."

"त्याला बहिणीला जेवायला बोलवायचंय," मी म्हटलं. "माझ्या."

टायटसने मान वर केली. "एम्माला?"

"एम्माला."

त्याने बंदूक ओट्यावर मागे सारली. मग डबा उघडला, एक घास खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. मीठ खरंच जास्त झालं होतं. खाता खाता म्हणाला, "कशावर बसणार तो तिथे?"

"दूध काढायच्या स्टुलावर."

"फार बुटकं. उठता यायचं नाही."

"चर्चच्या तळघरातली घडीची खुर्ची."

"पाय रुततील मातीत."

मी विचार केला. "न्हाणीतलं स्टूल. रबरी बुचांचं. उंची कमीजास्त करता येते, आणि घसरत नाही."

"न्हाणीचं स्टूल घेऊन डोंगरावर," टायटस म्हणाला. त्याने डोळे मिटले. "बरं झालं पॉप आधीच गेले."

दुसऱ्या दिवशी तो जेवणाच्या वेळेला आला, पण हातात बंदूक होती. विल्मरने वर्तमानपत्रावरून बघितलं. "ती नेव्हिनच्या पुतण्याला..."

"गप बस. स्टुलावर बस. कोट घाल आणि डोंगरावरचे बूट घाल."

"घरात?"

"मागच्या वेळी घरातल्या बुटांत मापला तेही चुकलंच."

मी त्याला कोट घातला, बूट चढवले. न्हाणीतलं स्टूल स्वयंपाकघरात मध्यभागी आणलं. विल्मर त्यावर बसला. टायटसने बंदूक त्याच्या दोन पायांच्या मधे उभी केली. तोंड त्याच्या टोपीच्याही वर गेलं, चर्चच्या सुळक्यासारखं. दोघंही ते बघत राहिले. मी स्टोव्हकडे वळले आणि नसलेलं काहीतरी ढवळायला लागले.

"बोट ठेव," टायटस म्हणाला. "कुठवर हवी ते तू सांग."

विल्मरने उजवा हात टोकाशी नेला आणि नळीवरून खाली आणला, हळूहळू, घोड्याच्या मानेवरून आणतात तसा. डोळ्यांच्या खाली आला. ओठांच्या खाली आला. तिथे थांबला.

"थोडं वर घे," टायटस म्हणाला. "चार बोटं तरी."

"नको."

"माशी धूसर दिसेल तुला."

"दिसू दे. हरीण तर दिसेल. ते माशीहून मोठं असतं."

"कान बसतील."

"बसू देत. मग तुमचं काही ऐकायला नको." त्याने गुडघे आवळले. नळी दोन्ही गुडघ्यांच्या पकडीत घट्ट बसली, आणि त्याने उजवा हात सोडून दिला. बंदूक हलली नाही. डाव्या हाताची गरजच नव्हती. त्याने मोकळा हात टायटसला दाखवला, बोटं पसरून.

टायटसने खिशातून पेन्सिल काढली. ती नळीपाशी नेली आणि परत मागे घेतली. "पॉप काय म्हणाले असते," तो स्वतःशीच पुटपुटला.

"पॉप म्हणाले असते, हनुवटीला लागली पाहिजे," विल्मर म्हणाला. "लागतेय ना?"

टायटस वाकला आणि खरंच एक डोळा मिटून बघितलं. मग त्याने खूण केली. उभं राहायला त्याला वेळ लागला, टेबलाचा आधार घेऊन उठला. "आपली माणसं समुद्रापलीकडून आली ना," तो म्हणाला, "तेव्हा त्यांच्या बंदुका आखूडच होत्या. लांब झाल्या त्या इथे आल्यावर."

"मग मी जुन्या वळणाचा म्हण."

"तू हट्टी वळणाचा." तो जेवायला बसला, आणि त्या दिवशी कशालाच नाव ठेवलं नाही, इतका तो दमला होता.

नळी कापताना मी तिथे नव्हते, विल्मर होता. त्याने हट्टच धरला. एवढंच कळलं की टायटस करवत लावायचा, थांबायचा, घाम पुसायचा. विल्मर म्हणाला, "आत्ता नको असेल तर उद्या काप." त्यावर टायटस म्हणाला, "उद्या माझाही उभा राहायचा भरवसा नाही." मग कापली. नाताळच्या आधीचे सगळे दिवस तो खोपटात होता. तोंडाची कड कानशीने हाताने घासली, आत हळूच उतार दिला, गोळी बसायला सोपी जावी म्हणून. माशी जाड केली. मागची नेमाची खाच पुढे सरकवली, विल्मरच्या डोळ्यांना बरी पडेल अशी. गज आखूड केला. चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला आला नाही, आणि खर्जातले सूर नाहीत म्हणून गाणी बसवणाऱ्या बाई रुसल्या. नाताळच्या प्रार्थनेला मात्र आला आणि प्रवचन सुरू होताच बाकावर बसल्या बसल्या झोपला. त्याच्या बोटांना कानशीचे चरे होते. मी कोपराने ढोसलं नाही.

दुसऱ्या नाताळला थंडी होती, जमिनीवर भुरभुर बर्फ. मी ट्रक डोंगराच्या पायथ्याशी, शेताच्या कडेला नेऊन उभा केला. बाकीचे वरून हरणं खाली हाकत आणणार होते. टायटसने ओकच्या झाडाशी न्हाणीचं स्टूल ठेवलं, दोनदा दाबून बघितलं. नेव्हिन म्हणाला, "साबण आणलाय का?"

"तुझ्या तोंडासाठी आणायला हवा होता," टायटस म्हणाला.

विल्मर बसला. बाकीचे चढायला लागले. टायटस मात्र तिथेच थांबला. मी ट्रकमध्ये हीटर लावून बसले होते, काच अर्धी खाली. विल्मरने बंदूक गुडघ्यांत धरली आणि शिंगाचं झाकण दातांनी काढलं. टायटसने त्याच्याकडे पाठ केली. दोन्ही हात खिशात घालून तो खोऱ्याकडे बघत उभा राहिला. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं, आमचंच छप्पर आणि धूर. मागे दारू नळीत पडल्याचा बारीक आवाज आला. मग चिंधी. गोळी बर्फात पडली. विल्मरने वाकून शोधली, कोटाला पुसली. टायटस वळला नाही. गज खाली गेला, थोडा थोडा करत, आणि तळाशी टेकला. चकमकीखालच्या वाटीत चिमूटभर बारीक दारू, रंजक, घातली.

"झालं," विल्मर म्हणाला.

"बरं," टायटस म्हणाला आणि चढणीला लागला.

मी ट्रकमध्ये पेंगले असणार. आवाजाने जागी झाले. ओकपाशी पांढरा धूर, आणि धुरापलीकडे एक हरिणी आणि तिचं मोठं झालेलं पाडस शेपट्या वर करून कुरणातून पळत होती. नेम चुकला होता. डोंगरावरून नेव्हिन, टायटस आणि बाकीचे घसरत घसरत खाली आले.

"लागली का?" नेव्हिन लांबूनच ओरडला. "विल्मर, लागली का?"

"गप," टायटस म्हणाला. "तो भरतोय."

सगळे जिथल्या तिथे थांबले. उतारावर, गुडघ्यांवर हात ठेवून, धापा टाकत. विल्मरने कुणाकडे बघितलं नाही. दारू. चिंधी. या वेळी गोळी पडली नाही. गजाने ठासायला त्याला फार वेळ लागला, मधेच थांबून त्याने श्वास घेतला, कपाळ बाहीला पुसलं, आणि पुन्हा धरला. नेव्हिनला खोकला आला, तो तोंडावर हातमोजा धरून खोकला. हरणं एव्हाना पार दुसऱ्या गावाला गेली असतील. कुणी हललं नाही.

मग विल्मरने वर बघितलं आणि म्हणाला, "आता कशासाठी उभे आहात? हाका ना."

त्यांनी आणखी एका डोंगरावर हाका घातला. काही निघालं नाही. दुपार उतरली, सगळ्यांचे पाय बोलायला लागले. भरलेली बंदूक घरात न्यायची नसते, म्हणून विल्मरने ती मातीच्या बांधावर उडवून मोकळी केली. नेव्हिनने न्हाणीचं स्टूल खांद्यावर घेऊन ट्रकपर्यंत आणलं आणि साबणाचं नाव काढलं नाही.

परतताना टायटस मधे बसला, दोन दारांमधे आमची तिघांची दाटी. बंदूक विल्मरच्या पायांत होती. विल्मर म्हणाला, "माशी धूसर दिसते खरी."

"सांगितलं होतं."

"हरिणीच्या पाठीवरून गेली गोळी. एवढीशी वर."

"मग माशी थोडी उंच करतो. नेम खाली येईल," टायटस म्हणाला. "उद्या आण." पण ते उद्या त्याने अर्धवटच उच्चारलं. पहिल्या वळणापर्यंत त्याची मान एकदा माझ्या बाजूला, एकदा विल्मरच्या बाजूला जात होती. मग ती विल्मरच्या खांद्यावर टेकली, डाव्या, जिथे विल्मरला फारसं काही जाणवत नाही. तोंड उघडं, टोपी नाकावर आलेली.

विल्मरने उजव्या हाताने ती टोपी सारखी केली.

"हळू चालव," तो मला म्हणाला. "झोपलाय."